खड्डा भरल्यावर काय?

नागपूर जिल्ह्यातील कोणत्याही गावात जाऊन 'घरी शौचालय आहे का' असे विचारले, तर बहुतेक ठिकाणी उत्तर होकारार्थी येते आणि ते खोटेही नसते. घरामागच्या सांदवाडीत किंवा रस्त्याच्या कडेला ती लहानशी खोली उभी असते, दारावर योजनेचे नाव रंगवलेले असते, कुठे कुठे लाभार्थ्याचे नावही अजून वाचता येते. 'त्यात रोज कोण कोण जाते' हा पुढचा प्रश्न विचारला की मात्र उत्तर लांबू लागते. सून जाते, मुली जातात, पाहुणे आले तर तेही जातात. सासरे पहाटे वावराकडे निघतात आणि तिकडेच उरकून येतात, थोरल्या मुलाला आत कोंडल्यासारखे होते. कागदावर ते एका कुटुंबाचे शौचालय असते, प्रत्यक्षात त्या कुटुंबातील निम्म्या माणसांचे.

ग्रामीण भागातील मिस्त्र्यांच्या प्रशिक्षणाशी माझा बऱ्याच वर्षांचा संबंध आहे आणि त्या निमित्ताने काटोल-नरखेडपासून कुही-मौद्यापर्यंत हिंडणे होते. या हिंडण्यातून माझे एक मत पक्के झाले आहे. शौचालय वापरले जाईल की नाही, याचा निकाल बहुतेक वेळा जमिनीखालच्या खड्ड्यात लागतो. खोली, फरशी आणि दार यांचा वाटा त्या मानाने थोडा असतो. खड्डा भरल्यावर काय करायचे हे ज्या घराला ठाऊक आहे, ते घर शौचालय बिनघोर वापरते. ज्या घराला ते कोणी समजावून सांगितलेच नाही, ते घर खड्डा लवकर भरू नये म्हणून जपून वापरते, आणि जपून वापरायचे म्हणजे घरातल्या काही माणसांनी बाहेर जायचे.

सरकारी प्रयत्नांची परंपरा आपल्याकडे लहान नाही. केंद्राचा ग्रामीण स्वच्छता कार्यक्रम १९८६ सालचा, संपूर्ण स्वच्छता अभियान १९९९ सालचे, महाराष्ट्रातील संत गाडगेबाबा ग्राम स्वच्छता अभियान २०००-०१ पासूनचे आणि निर्मल ग्राम पुरस्कार २००३ सालचा. २ ऑक्टोबर २०१४ रोजी स्वच्छ भारत मिशन सुरू झाले, वैयक्तिक शौचालयासाठी १२,००० रुपयांचे प्रोत्साहनपर अनुदान ठरले आणि एप्रिल २०१८ मध्ये महाराष्ट्राचा ग्रामीण भाग हागणदारीमुक्त झाल्याचे जाहीर करण्यात आले. उघड्यावर बसणाऱ्यांना अडवायला गुड मॉर्निंग पथके पहाटे पांदण रस्त्यांवर उभी राहत होती, ते दिवस अनेकांना आठवत असतील. त्या काळात झालेले काम मी कमी लेखत नाही. ज्या बायकांना दिवस उजाडण्याआधी किंवा अंधार पडल्यावरच बाहेर पडता येत असे, त्यांच्या आयुष्यात त्या लहानशा खोलीने काय फरक पडला, हे त्यांनाच विचारावे. पण या सगळ्या मोजदादीत जे मोजले गेले ते बांधकाम होते. छायाचित्र काढले गेले ते खोलीचे, सोबत लाभार्थी उभा. खड्ड्याचे झाकण उचलून कोणी छायाचित्र काढल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

वापर का होत नाही, याची जी कारणे गावात सांगितली जातात, त्यांत पाण्याची टंचाई, दुर्गंधी, गुडघेदुखी आणि सवय ही नेहमीची. ती खरीही असतात. पण ओसरीवर थोडा वेळ टेकले, चहा झाला आणि बोलणे सैल झाले की वेगळेच काही निघते. कुही तालुक्यातील एका गावात एका आजींच्या शौचालयात कुटाराची, म्हणजे गुरांच्या भुशाची, पोती छतापर्यंत रचलेली होती. मी विचारले, "आजी, यात कुटार कशाला भरले?" त्या म्हणाल्या, "मंग काय करू भाऊ? दोन वर्सं वापरला. भरला म्हंजे कोन काढन तो? तू येशीन काय काढाले?" त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, सरळ हिशेब होता. काढणारा कोणी नाही, पुन्हा खणायला पैसे नाहीत, मग भरू द्यायचाच नाही.

हा हिशेब एकट्या आजींचा नाही. २०१४ साली उत्तर भारतातील पाच राज्यांच्या ग्रामीण भागात एक मोठी पाहणी झाली होती. ज्या घरांत वापरण्याजोगे शौचालय होते, अशा घरांपैकी ४० टक्क्यांहून अधिक घरांतील निदान एक माणूस तरी उघड्यावर जात होता, असे त्या पाहणीत आढळले. सरकारी मापाचा खड्डा काही महिन्यांत भरेल अशी लोकांची समजूत आणि तो उपसण्याबद्दलची जातीशी जोडलेली किळस, ही त्यामागची महत्त्वाची कारणे असल्याचे ती पाहणी करणाऱ्या अभ्यासकांनी मांडले. ती राज्ये वेगळी, तिथली गावे वेगळी. तरी खड्ड्याची भीती मात्र मला इथे त्याच रूपात भेटते.

म्हणून खड्ड्याचे गणित आधी सांगतो. स्वच्छ भारत मिशनमध्ये ज्या प्रकाराची शिफारस आहे तो दोन शोषखड्ड्यांचा. भांड्यातून येणारा नळ एका लहान चेंबरमध्ये येतो आणि तिथून इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात दोन खड्ड्यांकडे दोन वाटा फुटतात. त्यांपैकी एक वाट बंद ठेवायची आणि एकच खड्डा वापरायचा. खड्डा साधारण मीटरभर व्यासाचा आणि मीटर-सव्वा मीटर खोल असतो. त्याचे बांधकाम जाळीचे, म्हणजे विटांमध्ये फटी सोडून केलेले असते आणि तळ उघडा ठेवलेला असतो. विष्ठेत सुमारे तीन-चतुर्थांश पाणीच असते आणि वरून आपण टाकतो तेही पाणीच. हे सगळे पाणी जाळीतून व तळातून मातीत मुरते, वायूही मातीच शोषून घेते, आणि मागे उरतो तो गाळ अगदी थोडा. पाच-सहा माणसांच्या घराला असा एक खड्डा किमान तीन वर्षे पुरावा असा त्याचा आराखडा असतो. जमीन चांगली मुरवणारी असेल तर तो पाच-सहा वर्षेही चालतो. तो भरला की चेंबरचे झाकण उघडून त्याची वाट बंद करायची व दुसरी मोकळी करायची. भरलेला खड्डा पुढे दीड-दोन वर्षे तसाच झाकून ठेवायचा. तेवढ्या काळात रोगजंतू मरतात, मैल्याची माती होते, आणि दुसरा खड्डा भरायच्या आत पहिला रिकामा करून ठेवता येतो.

हे सांगितल्यावर लोक मान डोलावतात, पण विश्वास बसतो तो पाहिल्यावर. फेब्रुवारी २०१७ मध्ये तेलंगणातील गंगादेवीपल्ली या गावी केंद्रीय पेयजल व स्वच्छता सचिव परमेश्वरन अय्यर आणि निरनिराळ्या राज्यांतून आलेले अधिकारी स्वतः अशा एका खड्ड्यात उतरले आणि त्यांनी तो फावड्याने रिकामा केला. बातमी देशभर छापून आली. तशी प्रात्यक्षिके आपल्याकडेही झाली, पण ती तालुक्याच्या एखाद्या गावात, मंडप घालून. शेजारच्या गावात त्याची चर्चाही पोहोचली नाही. माझा अनुभव असा की, दिल्लीच्या अधिकाऱ्याने उपसलेल्या खड्ड्यापेक्षा गल्लीतल्या काकाजींनी उपसलेला खड्डा जास्त कामी येतो.

काटोलकडच्या एका संत्रा बागायतदाराच्या घरी असा खड्डा उघडताना मी हजर होतो. वरचा ढापा, म्हणजे खड्ड्याचे झाकण, सिमेंटने पक्का बसवलेला होता, तो सब्बलीने सैल करावा लागला. आजूबाजूची माणसे नाकाला दुपट्टा लावून चार पावले मागे उभी होती. ढापा सरकला तेव्हा आत काळसर, भुरभुरीत, मधूनमधून पांढऱ्या मुळ्यांनी विणलेली माती दिसली; शेजारच्या कडुनिंबाने जाळीच्या विटांतून आपल्या मुळ्या आत घातल्या होत्या. फावड्याचा पहिला घाव पडला तरी वास आला नाही. घरच्या मुलाने एक ढेकूळ हातमोजा घालून उचलले, चुरले, आणि बापाकडे पाहून म्हणाला, "बाबा, हे त शेणखतासारखं आहे." दुपट्टे हळूहळू खाली आले. दोन टोपल्या झाल्यावर, इतका वेळ नाक मुरडणाऱ्या शेजाऱ्याने त्यातले थोडे आपल्यालाही मिळेल का, असे विचारले.

आता या साध्या यंत्रणेत बिघाड कुठे होतो ते पाहावे. पहिला बिघाड चेंबरमध्ये. पुष्कळ ठिकाणी मिस्त्री चेंबर बांधतो, पण दोन्ही वाटा उघड्या ठेवतो. दोन्ही खड्डे एकाच वेळी भरत जातात आणि दोन खड्डे बांधूनही घर एका खड्ड्याच्याच स्थितीत येते: दोन्ही ओले, दोन्ही ताजे, उपसता एकही येत नाही. कधी चेंबरच फरशीखाली गाडले जाते. कुठे दुसऱ्या खड्ड्याचे नुसते तोंड बांधून वर ढापा ठेवलेला असतो, खाली खड्डा नसतोच. घरमालकाला हे कळावे तरी कसे? त्याने बारा हजारांत खोली मागितली होती, ती त्याला मिळाली. मिस्त्र्यांना मी यात फार दोष देत नाही. एरवी ते घर बांधतात, त्यांना शोषखड्ड्यामागचा विचार कोणी सांगितलेला नसतो, आणि जे काम जमिनीखाली जाणार त्यात वेळ घालवला तर मजुरी वाढवून मिळत नाही.

दुसरा बिघाड मातीचा. जिल्ह्याच्या पश्चिमेकडे, काटोल, नरखेड, कळमेश्वर या भागांत खोल काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते आणि पाणी मुरू देत नाही, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा जमिनीत नुसता जाळीचा खड्डा बांधला तर तो पहिल्याच पावसाळ्यात तुंबतो आणि 'खड्डा भरला' अशी ओरड होते. उपाय जुना आणि स्वस्त आहे: खड्डा एक-एक फूट जास्त रुंद खणायचा आणि जाळीच्या बाहेरून चहूबाजूंनी फूटभर जाडीचा थर रेती, गिट्टी किंवा विटांच्या रोड्यांचा भरायचा. त्यामुळे पाण्याला मुरायला जास्त जागा मिळते आणि फुगणाऱ्या मातीचा दाब बांधकामावर येत नाही. पूर्वेकडे मौदा, कुही या धानपट्ट्यात अडचण उलटी आहे. तिथे पावसाळ्यात भूजल इतके वर येते की खड्डाच विहिरीसारखा भरतो. तिथे खड्डे उथळ ठेवून जमिनीच्या वर उचलावे लागतात आणि भोवती मातीचा भराव घालावा लागतो. खड्ड्यापासून पिण्याच्या पाण्याची विहीर किंवा हातपंप निदान दहा-पंधरा मीटर तरी दूर हवा, आणि खाली भेगाळलेला खडक असेल तर ते अंतरही पुरेसे मानू नये, कारण भेगांतून पाणी न गाळताच वाहते. एकच नकाशा तेराही ग्रामीण तालुक्यांना लावला गेला, तिथे हे सगळे राहून गेले.

या गोंधळाला कंटाळून ज्यांच्या हाती चार पैसे आहेत ते सेप्टिक टँक बांधतात, आणि तोही खोलीएवढा मोठा. आयुष्यात उपसावाच लागू नये, हा त्यामागचा उघड हेतू. गावात मोठा टाका म्हणजे प्रतिष्ठेचीही गोष्ट झाली आहे. पण सेप्टिक टँकमधून बाहेर पडणारे पाणी स्वच्छ नसते; ते शोषखड्ड्यात सोडायचे असते. प्रत्यक्षात बहुसंख्य टाक्यांचा नळ समोरच्या नालीत सोडलेला असतो. म्हणजे पूर्वी जे गावाबाहेरच्या गोदरीत (हागणदारीत) पडत होते ते आता पातळ होऊन अंगणासमोरून वाहते, आणि त्याच नालीच्या काठावर पोरे गोट्या खेळतात. टाका दोन-तीन वर्षांनी उपसायचा असतो, तो दहा-दहा वर्षे उपसला जात नाही. शेवटी तुंबला की शहराकडून उपसा करणारी गाडी बोलावतात. ती गाडी आपली टाकी कुठल्या नाल्यात रिकामी करते, याची चौकशी गाव करत नाही.

आणि गाडी मिळाली नाही तर माणूस उतरवतात. याबद्दल मला मोघम बोलायचे नाही. बंद टाक्यात हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन साचलेले असतात. हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण जास्त असले तर एक-दोन श्वासांत माणूस कोसळतो, आणि त्याला वाचवायला उतरलेला दुसराही तिथेच पडतो. दरवर्षी वर्तमानपत्रांत येणाऱ्या अशा बातम्यांत मृतांचा आकडा एकाहून अधिक असतो तो त्यामुळे. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने सेप्टिक टँकमध्ये संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरवणे हा गुन्हा ठरवला आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. मृतांच्या वारसांना द्यायची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दहा लाख ठरवली होती, ती ऑक्टोबर २०२३ मध्ये तीस लाखांपर्यंत वाढवली. गावात टाका बांधताना यातले कोणालाच ठाऊक नसते. 'बोलावू कोणाला तरी' एवढेच ठाऊक असते.

हा 'कोणी तरी' कोण, हे न सांगताही गावात सगळ्यांना कळते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी ज्या नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली, त्या नागपूरच्या परिसरातील दलित समाजाने मेलेली जनावरे ओढण्यासारखी लादलेली कामे ठामपणे नाकारली आणि त्या नकारासाठी बहिष्कारही सोसले. आता खड्डा उपसायला कोणी येत नाही, अशी तक्रार मी अनेक ओसऱ्यांवर ऐकली आहे. तक्रार करणाऱ्यांना मी एवढेच सांगतो की, येऊ नयेच. आणि दोन खड्ड्यांची रचना नेमकी त्यासाठीच आहे. दीड-दोन वर्षे मुरलेल्या खड्ड्यात मैला उरत नाही, त्यामुळे तो घरच्या माणसाने फावड्याने काढावा. जो शेतकरी रोज शेणाची पाटी डोक्यावर घेतो त्याला या मातीचा विटाळ का वाटावा, हा प्रश्न मी विचारतो तेव्हा ओसरीवर काही वेळ कोणी बोलत नाही.

ही वाट विदर्भाला नवी नाही. नागपूरपासून पाऊणशे किलोमीटरवरच्या सेवाग्रामात गांधीजी १९३६ पासून राहिले आणि तिथे चर खणून, मैल्यावर माती टाकून खत करण्याची पद्धत रोजच्या शिस्तीचा भाग होती. विनोबा पवनारहून फावडे घेऊन जवळच्या सुरगावला सफाईसाठी जात. तिकडे कोकणात कणकवलीला अप्पासाहेब पटवर्धनांनी मैल्यापासून सोनखत देणारा गोपुरी संडास रूढ करण्यासाठी आयुष्य वेचले. या मंडळींचे लक्ष खड्ड्यावर होते. खोली कुडाची असली तरी त्यांचे अडत नव्हते.

आता खोलीच्या आतल्या देखभालीकडे येतो. ग्रामीण शौचालयासाठी जे भांडे ठरवलेले आहे त्याचा उतार तीव्र असतो आणि त्याखालच्या ट्रॅपमध्ये, म्हणजे वाकड्या नळीत, वास अडवणारी पाण्याची सील फक्त वीस मिलीमीटरची असते, त्यामुळे दीड-दोन लिटर पाण्यात ते साफ होते. दुकानात मिळणारे चकचकीत शहरी भांडे बसवले की त्याच कामाला बादलीभर पाणी लागते. मे महिन्यात, जेव्हा गावात दोन दिवसांआड नळ येतो, तेव्हा हा फरक वापर थांबवायला पुरतो. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जल जीवन मिशनने घरोघरी माणशी रोज ५५ लिटर पाण्याचे उद्दिष्ट ठेवले असले, तरी नळाला पाणी येणे हे उन्हाळ्यात विहिरीच्या हाती असते. भांडे वापरण्याआधी तांब्याभर पाण्याने ओले करून घ्यावे, म्हणजे मळ चिकटत नाही आणि नंतर पाणी कमी लागते. ॲसिड वारंवार ओतू नये. त्याने भांड्याची झिलई जाते, खरखरीत पृष्ठभागावर घाण अधिक धरते, आणि खड्ड्यातल्या जिवाणूंचेही नुकसान होते. साधी साबणाची पूड आणि दांड्याचा ब्रश रोज फिरवला तर ॲसिडची गरज पडत नाही.

भांडे तुंबण्याचे आमच्या भागातले एक खास कारण सांगितलेच पाहिजे, ते म्हणजे खर्ऱ्याची, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाची, प्लास्टिकची पन्नी. बसल्या जागी खर्रा संपतो आणि पन्नी खाली सोडली जाते. ती ट्रॅपच्या वळणात अडकते, तिच्यामागे दुसरी, आणि मग मंडळी सळई घालून खुपसतात, त्यात ट्रॅपच फुटतो. ट्रॅप फुटला की पाण्याची सील जाते आणि खड्ड्यातला वास खोलीत येऊ लागतो. नंतर त्या वासाचे खापर शौचालयावर फुटते. पाळीच्या कपड्यांचे आणि पॅडचेही तसेच होते. खोलीच्या आत एका कोपऱ्यात झाकणाचा डबा ठेवला तर दोन्ही प्रश्न मिटतात. पण तो डबा रिकामा कोणी करायचा, यावरून पुन्हा घरातल्या बाईकडेच बोट जाते.

कारण हे कामही, इतर कामांप्रमाणे, सुनेच्या वाट्याला आलेले आहे. ज्या घरात पुरुष शौचालयासाठी पाणी आणून ठेवतात किंवा भांडे घासतात, अशी घरे मला क्वचित भेटली. बायका शौचालय जास्त वापरतात म्हणून साफही त्यांनीच करावे, असा युक्तिवाद एका सरपंचांनी माझ्यासमोर केला होता. त्याच वेळी आतून त्यांच्या पत्नीने जे उत्तर दिले ते इथे लिहिण्याजोगे नाही, पण ते योग्य होते.

म्हाताऱ्या माणसांची अडचण मात्र खरी असते आणि ती सोडवणे फार सोपे आहे. भिंतीत एक लोखंडी कडी किंवा आडवा पाइप, दाराशी उंच उंबऱ्याऐवजी उतार, आणि मध्ये छिद्र असलेली लोखंडी खुर्ची भांड्यावर ठेवायला, एवढ्यावर काम भागते. ती खुर्ची गावातला वेल्डिंगवाला बनवून देतो. लहान मुलांच्या बाबतीत उलटे होते. त्यांची शी निरुपद्रवी समजून उकिरड्यावर टाकली जाते, वास्तविक तिच्यातले जंतू मोठ्यांच्याइतकेच घातक असतात आणि तीही भांड्यातच टाकली पाहिजे.

सार्वजनिक शौचालयाबद्दल थोडक्यात लिहितो, कारण तिथे सांगण्यासारखे चांगले थोडे आहे. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात सामुदायिक शौचालयासाठी तीन लाख रुपयांपर्यंत तरतूद आहे. इमारत बसथांब्याजवळ किंवा बाजाराच्या जागेत उभी राहते, उद्घाटन होते, आणि पुढे कुलूप लागते. किल्ली कोणाकडे, मोटारीचे वीजबिल कोण भरणार, झाडलोट कोणाची, हे बांधण्याआधी ग्रामसभेत ठरले नसेल तर नंतर ठरत नाही. जिथे बचत गटाला ठरावीक मोबदल्यावर काम दिलेले आहे आणि आठवडी बाजाराच्या दिवशी वापराचे दोन-पाच रुपये घेतले जातात, तिथे ते चालते.

तेव्हा ग्रामपंचायतीने नेमके काय करावे? पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानातील ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठीच राखून ठेवलेली होती, त्यातली निम्मी स्वच्छता आणि हागणदारीमुक्त स्थिती टिकवण्यासाठी. अशा निधीतून पेव्हिंग ब्लॉक आणि नाल्या बऱ्याच झाल्या. माझ्या मते पंचायतीने आधी एक साधे रजिस्टर करावे: घर क्रमांक, खड्डा एक की दोन की टाका, वापर कोणत्या साली सुरू झाला, चेंबर उघडते की नाही, वाट कधी बदलली. ही नोंद गावातल्या दोन शिकलेल्या मुली आणि एक मिस्त्री मिळून करू शकतात. ज्या घरी एकच खड्डा आहे तिथे दुसरा खणून चेंबर बसवायला रोजगार हमीची मजुरी आणि पंचायतीचे साहित्य यांची सांगड घालता येते का, ते गट विकास अधिकाऱ्यांना विचारावे. आणि ज्यांच्याकडे टाके आहेत त्यांच्यासाठी पाच-सात गावांनी मिळून उपसा गाडीशी ठराव करावा. सातारा जिल्ह्यातील वाई आणि नाशिक जिल्ह्यातील सिन्नर या नगरपालिकांनी तुंबण्याची वाट न पाहता दर तीन वर्षांनी पाळीपाळीने सगळे टाके उपसण्याची पद्धत लावली आणि त्याचा खर्च करातून भागवला. नगरपालिकेला जे जमले ते एकट्या ग्रामपंचायतीला झेपणार नाही, पण पंचायत समितीच्या पातळीवर का जमू नये, हे मला अजून कोणी पटवून दिलेले नाही.

निवडणुकीला उभे राहायचे तर घरी शौचालय असल्याचे आणि त्याचा वापर होत असल्याचे दाखवावे लागते, ही तरतूद ग्रामपंचायत कायद्यात आहे, आणि तेवढ्यापुरते दाखले बिनबोभाट मिळतात. सदस्यांनी दाखल्यासोबत आपल्या घरच्या चेंबरचे झाकणही ग्रामसभेपुढे उघडून दाखवावे, अशी सूचना मी एका गावात केली होती. ती हसण्यावारी गेली, पण दोन सदस्यांनी नंतर मिस्त्री बोलावला, असे कळले.

ज्यांच्या घरी दोन खड्डे आहेत आणि एक बंद होऊन दोन वर्षे उलटली आहेत, त्यांनी तो एप्रिल-मे महिन्यांत, जमीन पूर्ण कोरडी असताना उपसावा. पावसाळ्यात ढापा उघडू नये. ढापा काढल्यावर खड्डा तासभर उघडा राहू द्यावा, हातमोजे आणि बूट घालावेत, आणि काठीने तळापर्यंत टोचून माती कोरडी आहे याची खात्री करून मगच फावडे घालावे. ओलसर लागली तर ढापा पुन्हा ठेवून आणखी काही महिने थांबावे. ढाप्याच्या सांधीतून पावसाचे पाणी आत जाते का, तेही त्याच वेळी पाहावे. निघालेली माती आठ-पंधरा दिवस उन्हात पसरून ठेवावी आणि संत्र्याच्या आळ्यात किंवा वखरणीआधी वावरात टाकावी. मेथी, पालक, सांबार (कोथिंबीर), कांदा अशी जमिनीला लागून येणारी आणि कच्ची खाल्ली जाणारी भाजी मात्र त्यात लावू नये. रिकाम्या झालेल्या खड्ड्याची जाळी तपासून, निखळलेल्या विटा बसवून, ढापा पुन्हा सिमेंटने सांधून घ्यावा आणि ढाप्यावर तारीख कोरून ठेवावी.